एकदाच वाजलेली बेल

"मॅडम, तुम्ही आधी वर या. आजोबा पडलेत."

फोनवर रेडिओ होती. एकदा बोलायला लागली की तिला बंद करायचं बटण सापडत नाही, म्हणून वर्गानं तिला हे नाव ठेवलं होतं. आज तिनं एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. ट्यूटरबाईंना तिच्या गप्प होण्याचीच जास्त भीती वाटली. हातातला खडू तसाच घेऊन त्या वर्गाबाहेर पडल्या.

नर्सिंगचं कॉलेज रुग्णालयाच्या तळमजल्यावर होतं, वॉर्ड वरच्या मजल्यावर. पुरुषांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या पलंगाभोवती पडदा अर्धवट ओढलेला होता. पलंग रिकामा. पलंग आणि खिडकी यांच्यामधल्या फरशीवर पंजाएवढा रक्ताचा डाग, आणि आयाबाई फडकं घेऊन त्यावर वाकलेली.

"थांब जरा. पुसू नकोस."

"बाई, कुणाचा पाय पडला तर आणखी एक आडवा होईल."

"मी उभी राहते इथं. कुणाचा पडू देत नाही."

आजोबांना डोक्याच्या तपासणीला नेलं होतं. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा उभा जन्म गेलेला. झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली, वाचाही गेली. डावा हात तेवढा शाबूत राहिला. वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ मागे पडतं, त्याच्याकडे तो हात दाखवून ते रोज कपाळाला आठ्या घालत. सगळा वॉर्ड त्यावर हसायचा.

ट्यूटरबाईंनी आधी पलंग पाहिला. विद्यार्थिनींना त्या नेहमी सांगत, माणसं नंतर बोलतात, पलंग आधी बोलतो.

दाराकडचं रेलिंग वर होतं. त्यालाच बेलचं बटण दोरीनं बांधलेलं, आजोबांच्या डाव्या हाताशी येईल असं. खिडकीकडचं रेलिंग खाली होतं. त्यांनी ते वर ओढलं. खटका बसला. दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिलं. ते आपोआप पडणारं नव्हतं.

मग चादर. दाराकडचे कोपरे पाकिटासारखे घडी घालून गादीखाली घट्ट खोचलेले. खिडकीकडची कड मात्र नुसती लोंबत होती. चादर पांढरीशुभ्र होती, एक डाग नाही. शेजारच्या पलंगांवरच्या चादरी धुऊन धुऊन पिवळट झालेल्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यावर रुग्णालयाचा जांभळा शिक्का. या चादरीचे चारही कोपरे कोरे होते.

"आज चादरी बदलल्या का गं?" त्यांनी आयाबाईला विचारलं.

"कशाच्या चादरी नि कशाचं काय! धोब्याची गाडी कालपासून आली नाही. कपाट उघडलं तर आतून वारा येतो नुसता."

ट्यूटरबाईंनी चादरीचा कोरा कोपरा पुन्हा उलटून पाहिला.

तेवढ्यात सिस्टर आल्या. वॉर्ड त्यांच्या आवाजावर चालायचा. त्या ओरडल्या की पेशंटसुद्धा सरळ होऊन झोपत.

"बघितलंत तुमच्या चिमणीचे प्रताप? रेलिंग खाली सोडून गेली. मी मेट्रनना कळवलंय. संध्याकाळी निकाल."

"कसला निकाल?"

"नाव कमी. दुसरं काय? माणूस जिवाला मुकायची वेळ आली."

चिमणी भिंतीशी उभी होती. वर्गात सगळ्यांत बुटकी. तिच्या हातात अजून पातळ जेवणाचं भांडं होतं. आजोबांच्या नाकातल्या नळीतून द्यायचं ते जेवण आता थंड झालं होतं आणि ते खाली ठेवायचं तिला सुचलं नव्हतं. मामाकडे वाढलेली मुलगी. कॉलेजला यायला निघाली तेव्हा मामीनं उंबऱ्यावरच सांगितलं होतं, शिकून आलीस तर घर तुझं, परत पाठवलं तर दाराबाहेरूनच बोल. ही गोष्ट तिनं स्वतः कधी सांगितली नव्हती. रेडिओमुळे ती सगळ्यांना माहीत होती.

ट्यूटरबाईंनी आधी सिस्टरांना विचारलं.

"पडताना कुणी पाहिलं?"

"कुणीच नाही. बेल वाजली आणि बेलच्या मागोमाग धप्प आवाज. मी धावले तर हे खाली."

"बेल किती वेळा वाजली?"

"एकदाच. तीही अर्धवट."

"त्याआधी अजिबात नाही?"

"माझे कान शाबूत आहेत, बाई."

"चिमणी तेव्हा कुठं होती?"

"लॅबमध्ये. मीच पाठवली. रक्ताचा नमुना तातडीनं द्यायचा होता. ‘ए पोरी, हातातलं टाक आणि इकडे ये,’ म्हणून हाक मारली. ती याच पडद्यातून बाहेर आली, नळी घेतली आणि पळाली."

"सिस्टर, मी लॅबला गेलेच नव्हते," चिमणी म्हणाली. आवाज जेमतेम बाहेर आला. "मी खाली स्वयंपाकघरात रांगेत होते. जेवण आणायला."

"तोंडावर खोटं बोलतेस? मी हातात नळी दिली तुझ्या!"

"सिस्टर, नळी देताना तिचं तोंड पाहिलंत?" ट्यूटरबाईंनी विचारलं.

"तोंडाला मास्क सगळ्यांच्याच. आणि मी लिहीत होते, मान वर करायला सवड कुठली? तिचा पेशंट, तिचा पडदा. दुसरी कोण येणार त्यातून? भूत?"

ट्यूटरबाई चिमणीकडे वळल्या.

"जाताना रेलिंग वर होतं?"

चिमणीनं हातातलं भांडं आणखी घट्ट धरलं.

"घाबरू नकोस. आठवून सांग."

"वर केलं होतं असं आठवतंय, मॅडम. पण मी ते रोज करते. आठवतंय ते आजचं की कालचं, हे शपथेवर नाही सांगता येणार."

"ऐका!" सिस्टर म्हणाल्या. "स्वतःच्या तोंडानं कबूल करतेय."

"कबूल नाही करत, सिस्टर. जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांगतेय."

त्या दिवशी वॉर्डात तिघी विद्यार्थिनी होत्या. चिमणी, रेडिओ आणि वर्गाची मॉनिटर. मॉनिटर म्हणजे ट्यूटरबाईंची सख्खी भाची, बहिणीची मुलगी. शिकायला म्हणून त्यांच्याच घरी राहायला आलेली. घरी मावशी आणि कॉलेजात मॅडम, हा नियम पहिल्या दिवशी ठरला आणि दोघींनी तो कधी मोडला नव्हता. उंच, नीटनेटकी, प्रत्येक परीक्षेत पहिली. येत्या प्रात्यक्षिक परीक्षेतही तिचाच नंबर, असं सगळे धरून चालले होते.

रेडिओ ड्रेसिंगच्या खोलीत सापडली.

"मी इथंच होते, मॅडम. डॉक्टरांपुढं ट्रे धरून. ते म्हणाले सुद्धा, हात नको हलवूस, तोंड हलवलंस तरी चालेल." एवढं बोलून तिला रडू फुटलं. "मॅडम, चिमणी असं नाही करणार. सकाळी आजोबांच्या मुलीनंच रेलिंग खाली केलं होतं, मी बघितलंय. सिस्टर ओरडल्या पण होत्या तिला."

मॉनिटर वॉर्डाच्या टोकाला, औषधांची ट्रॉली पुसत होती. ट्रॉली आधीच चकचकीत होती.

"तू कुठं होतीस तेव्हा?"

"कपड्यांच्या खोलीत, मॅडम. चादरी लावून ठेवत होते कपाटात."

"कुणी बरोबर?"

"एकटीच."

"बेल ऐकलीस?"

"नाही. दार लोटलेलं होतं."

ट्यूटरबाईंनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग त्या जिना उतरल्या.

आजोबांची लेक तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. वडलांचं दुकान आता तीच चालवायची. बोटांना यंत्राच्या तेलाचा वास.

"तुम्ही त्यांच्यातल्याच ना?" ती म्हणाली. "मग काय विचारायचं ते विचारा नि जा. एकमेकींना वाचवायलाच फिरताय सगळ्या."

"कोण चुकलं ते शोधत फिरतेय. वाचवायचं कुणाला ते अजून मलाही माहीत नाही. सकाळी रेलिंग तुम्ही खाली केलं होतं?"

लेकीचा चेहरा पडला.

"केलं होतं. तोंड पुसायला. मगापासून तेच डोक्यात फिरतंय, मीच तर नाही ना ढकललं बाबांना? पण ते मला परत वर करता येईना. खटका अडकतो. ती बुटकी पोरगी आली, तिनं वर केलं, हलवून बघितलं आणि मगच मला म्हणाली, आता जा तुम्ही."

"नक्की?"

"घड्याळवाल्याची मुलगी आहे मी. खटका बसला की नाही ते मला कानानं कळतं."

"बाबांचं कसं आहे?"

"डोक्यात रक्त साकळलंय म्हणतात. शुद्ध नाही. एक विचारू? त्यांच्या डाव्या तळहातावर आडवा वळ उठलाय. लाल, खोल. पडलेल्या माणसाच्या हाताच्या आत वळ कसा उठतो?"

ट्यूटरबाईंनी स्वतःचा डावा हात उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"पडताना नाही उठत," त्या म्हणाल्या. "पडायच्या आधी उठतो."

लॅब तळमजल्यावर, कॉलेजच्या शेजारीच होती. नमुने द्यायची खिडकी इतकी उंच की ती बांधणारा ताडमाड असावा. लॅबवाल्यानं बुटक्यांसाठी बाहेर एक स्टूल ठेवलं होतं. सध्या ते दूर कोपऱ्यात होतं आणि त्यावर मांजर झोपलेलं.

"मघाशी पुरुषांच्या वॉर्डातून नमुना आला तो कुणी आणला?"

"तुमच्याच पोरीनं. मास्क लावलेला. नळी ठेवली नि वळली."

"स्टूल घेतलं होतं?"

"कशाला? हात सहज पोचला. ते मांजर सकाळपासून हललेलं नाही बघा, आमच्या साहेबांसारखं." तो हसला आणि मग आठवून रागावला. "पण तिला शिकवा जरा. काखेत कापडाची गुंडाळी मारून आली होती. वापरलेले कपडे घेऊन लॅबच्या तोंडाशी यायचं असतं का? मी बोललो तिला."

"ती काय म्हणाली?"

"सॉरी म्हणाली नि पळाली."

"कुठं पळाली? जिन्याकडे?"

लॅबवाल्यानं डोकं खाजवलं. "नाही हो. इकडं, तुमच्या बाजूला."

त्यांच्या बाजूला, म्हणजे लॅबच्या भिंतीला लागून, प्रॅक्टिकलची खोली होती. तिला कुलूप होतं. किल्ल्या दोन. एक ट्यूटरबाईंच्या पर्समध्ये, दुसरी वर्गाच्या मॉनिटरकडे. कुलूप जसंच्या तसं होतं. ट्यूटरबाईंनी ते उघडलं.

आत पलंगावर काकू झोपली होती. काकू म्हणजे सरावासाठीचा रबरी पुतळा. पिढ्यान्‌पिढ्या मुलींनी तिला अंघोळ घातली, सुया टोचल्या, कुशीवर वळवलं. काकू कधी हूं की चूं करत नाही. तिच्या अंगाखाली चादर ताठ ओढलेली, चारही कोपरे पाकिटासारखे. परीक्षकानं वाहवा करावी इतकं सुंदर काम.

ट्यूटरबाईंनी गादीखालचा एक कोपरा उपसून काढला. चादर पिवळट होती. मधोमध औषधाचा तपकिरी डाग. कोपऱ्यावर जांभळा शिक्का.

त्या काकूशेजारी बसल्या.

उठल्यावर त्यांनी भाचीला निरोप पाठवला. ती आली, दारातच थांबली. काकूच्या पलंगाकडे तिनं पाहिलं नाही.

"संध्याकाळी चिमणीचं नाव कमी होतंय," ट्यूटरबाई म्हणाल्या. "तुला काही सांगायचंय?"

"नाही, मॅडम."

"नीट विचार कर."

"काही नाही, मॅडम."

"मग मेट्रनना सांग, निकाल त्यांच्या खोलीत नको. इथं, प्रॅक्टिकलच्या खोलीत. आणि सगळ्यांना बोलाव. आजोबांच्या लेकीलाही."

खोलीत दाटी झाली. मेट्रन खुर्चीवर, सिस्टर त्यांच्या बाजूला हाताची घडी घालून. आजोबांची लेक दाराशी, कोणत्याही क्षणी निघायच्या तयारीत. तिघी विद्यार्थिनी काकूच्या पायाशी. चिमणीनं युनिफॉर्मवरचा बिल्ला आधीच काढून मुठीत धरला होता.

"बाई, हा वर्ग नाही," मेट्रन म्हणाल्या.

"थोडा वेळ वर्गच समजा. मला दुसऱ्या रीतीनं सांगता येत नाही."

त्यांनी बाह्या सावरल्या.

"मला एका गोष्टीचं कोडं पडलं होतं. बेल आजोबांच्या हाताशी होती. हात चांगला होता. मग बेल एकदाच का वाजली, तीही पडण्याच्या क्षणी? मदत हवी असलेला माणूस आधी वाजवतो, पुन्हा पुन्हा वाजवतो. ते इतका वेळ का थांबले?"

त्या काकूच्या पलंगाजवळ गेल्या.

"आता आजोबांचा पलंग आठवा. दाराकडचे कोपरे खोचलेले, खिडकीकडचे नाहीत. म्हणजे चादर बदलण्याचं काम अर्ध्यात सुटलं. पेशंट पलंगावर असतानाच चादर बदलायची असली तर कशी बदलतात? सांग, रेडिओ."

"पेशंटला एका कुशीवर करायचं. मोकळ्या झालेल्या अर्ध्या पलंगावर जुनी चादर मधे गुंडाळायची, नवी अंथरायची. त्या बाजूचं रेलिंग वर करून दुसऱ्या बाजूला जायचं. तिकडचं रेलिंग खाली करून पेशंटला नव्या चादरीवर वळवायचं. जुनी ओढून काढायची, नवी खोचायची."

"बरोबर." ट्यूटरबाई बोलत होत्या तशाच करत होत्या. काकूला त्यांनी दाराकडे कुशीवर वळवलं, आपल्याकडचं रेलिंग खाली केलं. काकूची पाठ आता त्यांच्याकडे होती. "मी खिडकीच्या बाजूला उभी आहे. जुनी चादर काढली, ती माझ्या हातात. आजोबांची लुळी बाजू वर आहे, ती मागे ओढते. म्हणून मी त्यांना सांगितलं, समोरचं रेलिंग धरा. त्यांनी चांगल्या हातानं धरलं. सिस्टर, आता तुमची हाक मारा."

"म्हणजे?"

"मघाशी मारलीत तशी."

सिस्टर चाचरल्या. मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "ए पोरी, हातातलं टाक आणि इकडे ये."

ट्यूटरबाई पलंगापासून दूर झाल्या. रेलिंग खालीच राहिलं. काकू कुशीवर होती तशीच होती.

"बघा. काकू हलत नाही," त्या म्हणाल्या. "ती इथं उद्यापर्यंत अशीच राहील. म्हणून काकूवर शिकलेल्या मुलीला वाटतं, माणूसही राहील. पण आजोबा जिवंत होते. त्यांचं अंग त्यांना मागे ओढत होतं आणि मागे रेलिंग नव्हतं. त्यांच्याकडे हात एकच. त्यानं रेलिंग धरायचं की बेल दाबायची? ओरडायला वाचा नाही. त्यांनी धरून ठेवलं. तळहातात वळ उठेपर्यंत धरलं. कोणीतरी येईल, कारण ती मुलगी ‘आलेच’ म्हणून गेली असणार. ती आली नाही. बोटं सुटायला लागली तेव्हा त्यांनी हात काढून बेल दाबली."

लेकीनं तोंडावर हात ठेवला.

"म्हणून एकदाच," ती म्हणाली.

"म्हणून एकदाच."

मेट्रन पुढे झुकल्या. "कोण होती ती मुलगी?"

"चिमणी नव्हे. लॅबच्या खिडकीशी ती स्टुलाशिवाय पोचत नाही, आणि आज स्टूल कुणी हलवलं नाही. रेडिओ नव्हे, ती डॉक्टरांपुढं ट्रे धरून होती. आता चादर. वॉर्डात आज नवी चादर नव्हतीच, धोब्याची गाडी आली नाही. आजोबांच्या पलंगावर मात्र कोरी चादर, शिक्का नसलेली. बिनशिक्क्याच्या चादरी सबंध इमारतीत एकाच ठिकाणी असतात, या खोलीत, कारण त्या धोब्याकडे जात नाहीत. ती चादर मी वर पाहिली तेव्हाच ओळखायला हवी होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कोण चुकलं म्हणून मी सगळीकडे विचारत फिरले, आणि जुनी चादर माझ्याच कुलपाआड काकूच्या अंगाखाली होती."

त्यांनी शिक्क्याचा कोपरा सगळ्यांसमोर धरला.

"कुलूप तोडलेलं नाही. किल्ल्या दोन. आणि एक मुलगी मला म्हणाली, बेल वाजली तेव्हा मी कपाटात चादरी लावत होते. ज्या कपाटात आज एकही चादर नव्हती."

खोलीत कुणी मॉनिटरकडे बघायचं धाडस करत नव्हतं. फक्त चिमणी बघत होती, डोळे विस्फारून.

"मावशी," मॉनिटर म्हणाली.

कॉलेजात हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला.

"इथं मॅडम," ट्यूटरबाई म्हणाल्या. आवाज अजिबात वर गेला नाही. "बोल."

"मला परीक्षेची भीती वाटत होती. माणसावर मी हे एकदाही धड केलं नव्हतं. तुम्हीच म्हणालात, काकूवर शंभरदा केलंस, आता माणसावर कर. चिमणी जेवण आणायला गेली. मला वाटलं, ती यायच्या आत करून टाकू, तिलाही बरंच वाटेल. एकटीनं करायचं नसतं हे माहीत होतं. मग हाक आली."

"त्यांना काय सांगितलंस?"

"‘आजोबा, घट्ट धरा, आलेच मी.’ त्यांनी मान हलवली."

"लॅबमधून परत का नाही आलीस?"

तिनं पहिल्यांदाच काकूच्या पलंगाकडे पाहिलं.

"जुनी चादर काखेत होती. खोली शेजारीच. म्हटलं टाकून जाऊ. पण आत आले तर काकूच्या पलंगावर चादर नव्हती, ती मीच सकाळी काढून नेली होती. उघडी गादी दिसली असती तर तुम्ही विचारलं असतंत. म्हणून अंथरली. कोपरे सुद्धा घातले. सवयीनं."

आजोबांचा हात रेलिंगवर सैल होत होता तेव्हा खालच्या मजल्यावर रबराच्या पुतळ्याच्या चादरीला सुरेख कोपरे पडत होते.

"आणि नंतर?" मेट्रननी विचारलं. "चिमणीवर आळ आला तेव्हा?"

"पहिल्यांदा गप्प राहिले ती भीतीनं. नंतर गप्प राहिले, कारण आधी गप्प राहिले होते. प्रत्येक वेळी आणखी अवघड होत गेलं."

चिमणी एकदम पुढे आली. "अगं, मला सांगायचंस! मला मघापासून वाटतंय की मीच विसरले. मी माझ्याच हातांवर विश्वास ठेवेनाशी झाले होते."

मॉनिटरनं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. दिवसभरात कोरडे राहिलेले तिचे डोळे आता भरले.

सिस्टरनी हाताची घडी सोडली. "मेट्रन, हाक माझी होती. हातातलं टाक म्हणते मी, आणि हातात काय आहे ते कधी बघत नाही. पोरीचं तोंडही बघितलं नाही, आणि ठाम सांगितलं की चिमणीच. हेही धरा."

"धरणार आहे," मेट्रन म्हणाल्या.

लेक दारातून पुढे आली. सगळे बाजूला झाले. ती मॉनिटरसमोर उभी राहिली. हात उगारेल असं एक क्षण वाटलं.

"त्यांनी मान हलवली म्हणालीस?"

"हो."

"माझे बाबा कुणाला हो म्हणाले की शब्द पाळतात. गिऱ्हाईकाला दिलेली वेळ कधी चुकवली नाही त्यांनी." तिचा आवाज फाटला. "उद्या शुद्धीवर आले, आणि मी का पडलो असं खुणेनं विचारलं, तर कोण सांगणार त्यांना?"

"मी सांगेन."

"आणि नाही आले तर?"

मॉनिटरचा हात आपल्या बिल्ल्याकडे गेला.

"तर मग माझ्या आईला सांगायला ये," लेक म्हणाली. "बाबांना वर आणलंय, चल आता. माझ्याजवळ बस बाहेर. मी एकटी किती वेळ बसू?"

तिनं तिचा हात धरला नाही, वाटही पाहिली नाही. जिन्याकडे चालू लागली. मॉनिटरनं मावशीकडे पाहिलं. ट्यूटरबाईंनी मानेनं ‘जा’ म्हटलं. ती गेली.

सिस्टर गेल्या. चिमणीच्या मुठीतला बिल्ला रेडिओनं काढून घेतला, पुसला आणि तिच्या छातीवर पुन्हा लावला. पिन वाकडी बसली. दोघी गेल्या. खोलीत ट्यूटरबाई आणि मेट्रन उरल्या.

मेट्रननी दार लोटून घेतलं.

"बाई, इतकी वर्षं आपण बरोबर काम करतोय. ती तुमची भाची आहे. घरात तुम्ही दोघीच. बहिणीला काय सांगाल? म्हणून आधी तुम्हाला विचारते. काय करू मी हिचं?"

ट्यूटरबाईंनी काकूला पुन्हा पाठीवर वळवलं. खाली राहिलेलं रेलिंग वर ओढलं.

"दुपारी चिमणीचं नाव कमी करायचं ठरलं, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आताही विचारू नका."